घाटाचं आधण

अमृतांजन पूल होता त्या जागेवरून खाली उतरताना माझ्या हातातलं स्टिअरिंग थरथरायला लागलं. ब्रेकवर पाय ठेवला की थरथर, पाय उचलला की गप्प. मागच्या सीटवर डुलकी काढणाऱ्या आईनं डोळे न उघडताच विचारलं, "रस्ता खराब आहे का गं?" रस्ता गुळगुळीत होता. खोपोलीपर्यंत मी दुसऱ्या गिअरमध्ये, जीव मुठीत धरून उतरले.

त्याच आठवड्यात संपादकांचा फोन आला. यंदाच्या अंकाचा विषय 'थांबणं'. "कवी मंडळी त्यांचं त्यांचं थांबणं लिहितीलच, तू काहीतरी वेगळं बघ." मी म्हटलं, माझी गाडीच धड थांबत नाहीये. "मग तेच बघ," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्याआधी मी गाडी एका सर्व्हिस सेंटरला दाखवून आले होते. तिथल्या इस्त्रीच्या शर्टातल्या मुलानं टॅबवर बोट फिरवून सांगितलं, पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड बदलावे लागतील. का, असं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, साठ हजार किलोमीटर झालेत ना." चाक काढलेलं नव्हतं, काही मोजलेलं नव्हतं. डॉक्टरनं नाडी न बघता वय विचारून औषध लिहून द्यावं, तसा प्रकार. अंदाजपत्रक घडी करून पर्समध्ये टाकलं आणि आपणच बघायचं ठरवलं.

पावणेदोन लीटर पाणी

चालत्या गाडीच्या अंगात जोर असतो. गाडी थांबली की तो जोर नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. ब्रेकचं काम एवढंच : चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या तबकडीला दोन्ही बाजूंनी पॅडनं चिमटा काढायचा, घासायचं, तापायचं आणि ती उष्णता हवेला देऊन टाकायची.

किती उष्णता? चार माणसं आणि सामान धरून गाडी १,५०० किलोची समजू. ताशी १०० किलोमीटरच्या वेगातून ती पूर्ण थांबवली, तर जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात पावणेदोन लीटरच्या वर पाण्याला उकळी येईल. दहा-बारा जणांचा चहा. आणि हे सगळं चार-पाच सेकंदांत.

आता घाट घ्या. लोणावळा ते खोपोली हा उतार साधारण ५५० मीटरचा. सगळा भार ब्रेकवरच टाकला, तर तेवढ्या वेळात चौदा वेळा शंभरवरून शून्यावर आल्याइतकी उष्णता होते. पाण्याच्या भाषेत २६ लीटर, म्हणजे आंघोळीची बादली भरून वर थोडं उरेल इतकं आधण. गाडी थांबताना वजन पुढं झुकतं, म्हणून यातला साधारण सत्तर टक्के भार पुढच्या दोन तबकड्यांवर येतो. साडेचार किलोची एक तबकडी शंभरवरून एकदा थांबलं की सुमारे नव्वद अंशांनी तापते. नव्वद गुणिले चौदा. वारा लागलाच नसता, तर खोपोलीला पोहोचेपर्यंत तबकडी बीड वितळण्याच्या तापमानाला गेली असती. हिशेब ढोबळ आहे, पण तो कागदावर मांडल्यापासून मी घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्या माणसाशेजारी बसत नाही. पेट्रोल वाचतं म्हणे! इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना इंधन बंदच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं ते जळत राहतं. म्हणजे पेट्रोलही जातं आणि इंजिनानं धरून ठेवण्याची मदतही जाते.

आमच्या बाबांची प्रीमियर पद्मिनी होती. चारही चाकांना ड्रम. ड्रम म्हणजे झाकण लावलेलं भांडं, आतली वाफ आतच. घाट उतरल्यावर बाबा गाडी बाजूला घेऊन म्हणायचे, "ब्रेकला चहा पिऊ दे." आम्हीही प्यायचो. आजच्या गाड्यांत पुढची तबकडी उघडी असते, बहुतेकदा पोकळही : दोन चकत्या आणि मधे वारा जायला पाती. लहान गाड्यांत मागं अजून ड्रमच असतो आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. मागच्या चाकांना तेवढा ताप नसतो.

बुटाचे तळवे आणि काजूची टरफलं

इंग्लंडात डर्बीशरच्या डोंगराळ भागात शेतकरी उतारावर घोडागाडीचं चाक अडवायला जुन्या बुटांचा तुकडा वापरायचे. ते पाहून हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाला या कामासाठी खास वस्तू बनवायचं सुचलं आणि १८९७ साली त्यानं धंदा सुरू केला. आज पॅडच्या खोक्यांवर दिसणारं 'फेरोडो' हे नाव म्हणजे त्याच्याच आडनावातली अक्षरं उलटीसुलटी करून, त्यात बायकोच्या एलिझाबेथ या नावातलं एक अक्षर घातलेलं. मला ही गोष्ट आवडते, कारण तिची सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही, उतारावर होते.

बुटानंतर पुष्कळ वर्षं ॲस्बेस्टॉस चाललं. ताप सोसणारं, स्वस्त आणि फुप्फुसाला घातक. चांगल्या कंपन्यांनी ते सोडलं. म्हणूनच खोक्यावर 'ॲस्बेस्टॉसमुक्त' लिहिलेलं बघायचं असतं आणि कोणी हवेच्या झोतानं ब्रेकची धूळ उडवत असेल तर लांब उभं राहायचं असतं.

मग आता पॅडमध्ये असतं काय? ब्रेक लायनिंगच्या कारखान्यात उभी नोकरी काढलेले एक निवृत्त रसायनतज्ज्ञ कोथरूडला राहतात. त्यांनी स्वयंपाकाची कृती सांगावी तशी सांगितली. फिनॉलिक रेझिन हा चिकटवणारा. बळकटीला तंतू : काचेचे, पोलादाचे, ॲरामिडचे. वंगणाला ग्राफाइट, भर घालायला बराइट, घासायला थोडी कठीण पूड. "आणि काजू," ते म्हणाले.

मला वाटलं, फराळाचं ताट पुढं करतायत.

काजूच्या टरफलात तेल असतं. कोकणात काजू फोडणाऱ्या बायकांची बोटं त्यानंच उततात; बिब्बा आणि काजू एकाच कुळातले. त्या तेलावर प्रक्रिया करून ते घट्ट करतात आणि दळतात. ही तपकिरी पूड पॅडमध्ये घातली की घर्षण एकसारखं राहतं, आवाज कमी होतो, थंड ब्रेकसुद्धा मऊ लागतो. म्हणजे कुडाळ-वेंगुर्ल्याच्या बागायतदाराला ज्या टरफलाची अडगळ वाटते, त्या जातीचा माल जगभरच्या गाड्यांच्या चाकांत बसलेला आहे. मी दोन-तीनदा विचारून खात्री करून घेतली. काका चिडले. "अहो, गंमत नाही करत आहे. मी पोती मोजलीयत."

पॅडचे प्रकार या कृतीवरूनच पडतात. ज्यात पोलाद जवळजवळ नाही ते 'ऑरगॅनिक' : शांत, तबकडीला सौम्य, शहराला उत्तम, लांब घाटात लवकर दमणारे. पोलादाची पूड भरपूर असलेले 'सेमी-मेटॅलिक' : ताप सोसतात, पण कुरकुरतात, तबकडी खातात आणि चाकं काळी करतात. 'सिरॅमिक' : धूळ कमी, आवाज कमी, किंमत जास्त. जपानी-कोरियन घराण्याच्या गाड्या पहिल्या प्रकाराकडे झुकतात, युरोपीय गाड्या थोडा धातू असलेल्या पॅडकडे. शेजारच्यांच्या जर्मन गाडीची पुढची चाकं धुतल्याच्या आठव्या दिवशी काळी का होतात, याचं उत्तर हे.

पॅड 'दमणं' म्हणजे काय, तेही काकांनी सांगितलं. रेझिन ठरावीक तापमानाच्या वर जळू लागतं, त्याचा वायू पॅड आणि तबकडीच्या मधे शिरतो. पेडल टणकच लागतं, पण गाडी थांबत नाही. वास मात्र येतो, क्लच जळल्यासारखा. तो आला की बाजूला घ्यायची. तेव्हा बाबांचा चहा.

नाना पेठेतला काउंटर

"साहेब नाही आले?" काउंटरमागच्या काकांनी विचारलं.

"साहेब नाहीतच. गाडी माझी आहे."

"बरं बरं, ताई. मॉडेल, साल, पेट्रोल का डिझेल?"

नाना पेठेत गाडीच्या सुट्या भागांची दुकानं भिंतीला भिंत लावून आहेत. बाहेर मडगार्ड टांगलेली, आत छतापर्यंत खोकी. काकांनी न बघता तीन खोकी काढून ठेवली. एक गाडीच्या कंपनीचं. दुसरं पॅड बनवणाऱ्याचं. तिसरं लोकल, पहिल्याच्या निम्म्याहून कमी किमतीचं.

पहिल्या दोनांतली गोम अशी, की गाडीची कंपनी पॅड बनवतच नाही. ते बनवणारे वेगळे. चेन्नईचे ब्रेक्स इंडिया किंवा राणे, चाकणला कारखाना असलेले ब्रेम्बो, अशी मंडळी. गाडीला मुळात ज्यानं पॅड पुरवला त्याचा माल त्याच्याच खोक्यात मिळाला, तर नुसत्या नावाचे पैसे वाचतात. पण मूळ पुरवठादार कोण, हे माहीत हवं. काकांना ते पाठ होतं.

त्यांनी पॅड उलटा करून मला कड दाखवली. लांबलचक आकड्यांच्या शेवटी दोन अक्षरं : 'एफ एफ'. पहिलं अक्षर साधारण गरम असतानाच्या घर्षणाचं, दुसरं चांगलं तापल्यावरचं. 'ई' म्हणजे ०.२५ ते ०.३५, 'एफ' ०.३५ ते ०.४५, 'जी' त्याच्या वर. पहिलं अक्षर 'एफ' आणि दुसरं 'ई' असेल, तर तापल्यावर पॅड ढिला पडतो असा त्याचा अर्थ. घाटात जाणाऱ्यानं दुसरं अक्षर आधी वाचावं.

"मग 'जी जी'च द्या की," मी म्हटलं. काकांनी मान हलवली. गाडीचा पुढचा आणि मागचा ब्रेक एकमेकांना तोलून बसवलेला असतो. नुसता पुढचाच जहाल केला की तो तोल जातो. शिवाय अक्षर फक्त घर्षण सांगतं. टिकतो किती, आवाज करतो का, ओला झाल्यावर कसा वागतो, यातलं काहीच नाही. युरोपात बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या पंधरा टक्क्यांच्या आत हवी, असा नियम आहे. बाहेरून आलेल्या खोक्यावर वर्तुळातल्या 'ई'सोबत '९०आर' अशी खूण असली, तर तो माल त्या परीक्षेतून गेला आहे.

खोटा माल? "खोकं छापायला काय लागतं, ताई," असं म्हणत काकांनी कपाटातून एक पॅड काढला. कोणीतरी परत आणून दिलेला, खोक्यावर नामांकित कंपनीचं नाव. पोलादी पाठीची कड तासलेली नव्हती, रंग नखानं निघत होता आणि पाठीवरचा क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. वाईट पॅड पाठीपासून सुटतो, आणि सुटतो तो जोरात ब्रेक मारताना. मी तिसरं खोकं मागं सरकवलं.

तवा आणि तबकडी

तबकड्या कुठं होतात हे बघायला कोल्हापूरला गेले. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या चाललेत. पंपाचे भाग, फ्लायव्हील, ब्रेकचे ड्रम, तबकड्या.

भट्टीजवळ उभं राहिलं की आधी आवाज येतो, मग ताप. सुमारे चौदाशे अंशांचा केशरी रस वाळूच्या साच्यात ओतत होते. मालक माझ्याशेजारी घाम पुसत उभे. "तुमच्या आजीचा बिडाचा तवा हुता का न्हाई? त्येच्याच जातीचं हाय ह्ये."

आणि आहेच. तबकडीला पोलाद का नाही, हा माझा प्रश्न तव्यापाशी सुटला. करड्या बिडात साधारण साडेतीन टक्के कार्बन असतो, त्यातला बराचसा ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात. हे पापुद्रे उष्णता झटकन पसरवतात आणि थरथर गिळतात. पोलादाची तबकडी ताकदवान झाली असती, पण घंटेसारखी वाजली असती. मालकांनी हातोडीनं एका तबकडीवर टकटक केलं. मुका आवाज. "चांगलं बीड ओरडत न्हाई बगा."

पोकळ तबकडीच्या मधल्या पात्यांसाठी वाळूचा गाभा आत बसवावा लागतो. तो केसभर सरकला, तर एक चकती जाड होते, दुसरी पातळ. मग तापताना दोन्ही बाजू सारख्या फुगत नाहीत. स्वस्त आणि महाग तबकडीतला फरक बहुतेक इथंच असतो, वरून दिसत नाही. दोन तबकड्या हातात घेऊन आरपार बघितल्या, तर पारखी डोळ्याला तो दिसतो. मला तिसऱ्या खेपेला दिसला. कडेवर एखादी खाच कापलेली असेल तर तो दोष समजू नका. तोल साधायला तेवढं वजन काढलेलं असतं.

मिस्त्रींचा मायक्रोमीटर

आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं आणि फडक्यात गुंडाळलेला मायक्रोमीटर बाहेर काढला. तबकडीवर किमान जाडी ओतलेली असते. माझ्या तबकडीवर २० मिलिमीटर. नवी असताना २२. आता निघाली २०.८.

मग त्यांनी डायल गेज लावून तबकडी हातानं फिरवली. काटा ०.१२ पर्यंत झुलला. "डोलतेय." लोक याला 'डिस्क वाकली' म्हणतात. मिस्त्रींनी तबकडी उतरवली, ती ज्यावर बसते त्या हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशनं खरवडला, तीच तबकडी परत चढवली. काटा ०.०४.

मी बघतच राहिले. तबकडी वाकलेली नव्हतीच. तिच्यामागे गंजाची पापडी होती, त्यामुळे ती तिरकी बसून प्रत्येक फेरीला पॅडला एकाच जागी घासत होती. हजारो किलोमीटर असं झाल्यावर ती कुठं जाड, कुठं पातळ झाली. पायाला आणि स्टिअरिंगला जाणवते ती ही जाडीतली उणीअधिक. मिलिमीटरचा पन्नासावा हिस्साही पुरतो.

आता लेथवर फेसिंग करायचं की नवी घ्यायची? फेसिंग स्वस्त. पण दोन्ही बाजूंनी तासल्यावर जाडी २०.३ च्या आसपास येणार, आणि नवे पॅड अर्धे झिजायच्या आत ती किमान रेषेच्या खाली जाणार. पातळ तबकडीत उष्णता साठवायला वस्तुमानच कमी. "पॅड नवे, डिस्क म्हातारी. जमत नाही तो संसार," मिस्त्री म्हणाले. २१.५ असती, तर त्यांनीच मला लेथवाल्याकडे धाडलं असतं.

म्हणजे टॅबवाल्या मुलाचं उत्तर बरोबर निघालं, याची मला थोडी चीड आली. मिस्त्रींना नाही आली. "त्यानं हब घासला असता का?" घासला नसता, तर नव्या तबकड्याही वर्षभरात थरथरल्या असत्या, आणि मग पुन्हा साठ हजारांचं निमित्त नव्वद हजारांना.

डाव्या चाकात आणखी एक गोष्ट सापडली. आतला पॅड ३ मिलिमीटर उरलेला, बाहेरचा ७. पॅड दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक अडकली होती. आधी कोणीतरी तिला साधं ग्रीस फासलं होतं. खनिज तेलाच्या ग्रीसनं रबर फुगतं आणि पिन धरते. इथं सिलिकॉनचंच ग्रीस लागतं. डबी लहान असते, किंमतही फार नाही. महागडा पॅड घेऊन या डबीत काटकसर करणारे गॅरेजवाले मी यंदा दोन पाहिले.

जोडी मात्र मोडायची नाही. तबकडी असो वा पॅड, डावी-उजवी बाजू एकदमच बदलायची. नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते.

भोकांची हौस

काम चालू असताना गॅरेजात एक मुलगा आला. लाल रंगवलेले कॅलिपर, भोकं पाडलेल्या तबकड्या, चेहऱ्यावर तेज. भोकं शर्यतीच्या गाड्यांत आली ती जुन्या पॅडमधून निघणारा वायू बाहेर जावा म्हणून. आताचे पॅड तेवढा वायू सोडत नाहीत. भोकामुळे वस्तुमान कमी होतं, आणि वारंवार तापून गार होताना भोकाच्या काठाला चीर जाऊ शकते. चरे पाडलेल्या तबकड्या त्यापेक्षा बऱ्या, पॅडचं तोंड साफ ठेवतात, पण झिजवतातही. सिंहगडाला भजी खायला जाणाऱ्या गाडीला साधी, पोकळ, चांगल्या ओतकामाची तबकडी पुरते. मिस्त्री त्याला यातलं काहीच बोलले नाहीत. गिऱ्हाईक होतं.

ओल

ब्रेक ऑइलचा विषय मी काढलाच नव्हता; मिस्त्रींनी बाटलीचं झाकण उघडून काढला. माझ्या गाडीतलं तेल उसाच्या काकवीच्या रंगाचं झालं होतं. हे तेल हवेतली ओल पितं. नवं 'डॉट ४' किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच हमी १५५ वर येते. घाटात कॅलिपर तापला, तेल उकळलं, नळीत बुडबुडे झाले की पेडल थेट फळीला टेकतं. पॅड दमतो तेव्हा पेडल टणक असतं, तेल उकळतं तेव्हा ते पोकळ होतं. दोन वर्षांनी तेल बदलायचं, गाडी उभी असली तरी. कोकणातल्या गाडीला तर नक्कीच.

रत्नागिरीच्या मावसभावानं विजेवर चालणारी गाडी घेतली आहे. तिची तक्रार निराळीच : तबकड्या झिजत नाहीत, गंजतात. पाय उचलला की मोटरच गाडी हळू करते आणि वीज परत बॅटरीत भरते. ब्रेकला काम नाही आणि खारा वारा तर रोजचा. फोक्सवॅगननं आपल्या 'आयडी' मालिकेतल्या विजेच्या गाड्यांना मागं झाकलेले ड्रम दिले, तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली होती. बाबा हसले असते. भावाला मी सांगितलंय, आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मुद्दाम जोरात मार, तबकडी घासून स्वच्छ राहील.

सकाळी साडेसहा

नव्या तबकड्या बसल्या, पॅड बसले. तबकडीला गंज धरू नये म्हणून लावलेलं तेल क्लीनरनं पुसलं, ब्रेक ऑइल बदलून नळीतली हवा काढली. मी पाकीट उघडायला लागले. मिस्त्री म्हणाले, "थांबा. उद्या सकाळी लवकर या. अजून अर्धं काम राहिलंय."

खडकवासल्याच्या पुढं पानशेत रस्त्याला धुकं होतं. मिस्त्री शेजारी, पट्टा लावून, मांडीवर फडकं. मागं कोणी नाही हे आरशात बघायचं, साठावर जायचं, ब्रेक घट्ट पण न रोवता दाबायचा, दहावर आणायची, पुन्हा साठ. पॅडच्या द्रव्याचा पातळ, सारखा थर तबकडीवर चढायला हवा, मग दोघं एकमेकांना धरतात. तिसऱ्या खेपेला पेडल जरा पोकळ वाटलं. पाचव्याला पकड आली. सातव्याला तो वास, कोथरूडच्या काकांनी सांगितलेला, जळक्या रेझिनचा. माझा पाय आपोआप ब्रेकवर रुतला, काटा पाचवर आला.

"दाबून ठेवू नका, ताई! तापलेला पॅड एका जागी चिकटला, की तिथंच डाग बसतो आणि पुन्हा थरथर. नव्या पॅडला वास येतोच."

"गार कशी करू मग?"

"चालवत राहा. पानशेतपर्यंत. ब्रेक न लावता."

समोर एक म्हैस रस्त्याच्या कडेनं धरणाकडे निघाली होती. मी तिसऱ्या गिअरवर आले.